नकारानंतरची करुणा

 

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे: धर्मनिरपेक्ष समाजात ख्रिस्ती श्रद्धा करुणेनं आणि ठामपणानं कशी जगावी. शब्द जड आहेत, प्रश्न मात्र साधा आहे. औशासारखं गाव घ्या. इथं किल्ला आहे, नाथांचा मठ आहे, मशिदी आहेत, आणि आम्ही ख्रिस्ती लोक मूठभर. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसानं आपली श्रद्धा घेऊन कसं वावरावं? गप्प राहून सेवा करावी, की तोंड उघडून साक्ष द्यावी?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं शहाण्यासुरत्या लोकांकडून येतं: "दवाखाने चालवा, शाळा चालवा, धर्माचं काढू नका." दुसरं काही उत्साही उपदेशकांकडून येतं: "साक्ष दिली नाही तर ती सेवा वायाच गेली." आज ही दोन्ही उत्तरं आपण तपासणार आहोत. आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत, आणि दोन्हींचा दोष एकच आहे. समोरच्या माणसाला ती पूर्ण माणूस मानत नाहीत.

आधी धर्मनिरपेक्ष या शब्दाचं बघू. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो आपल्या उद्देशिकेत आला. पण त्याचा गाभा 1950 पासूनच घटनेत आहे. पंचविसावं कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत, अर्थातच. म्हणजे आपली धर्मनिरपेक्षता देवाला गावाबाहेर काढणारी नाही.

चार्ल्स टेलर या कॅनडाच्या तत्त्वज्ञानं 2007 साली या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, धर्मनिरपेक्षतेचे तीन अर्थ होतात. एक, सार्वजनिक व्यवहारातून देव हटणं. दोन, लोकांची श्रद्धा आणि उपासना कमी होणं. तीन, श्रद्धा हा अनेक पर्यायांतला एक पर्याय होऊन बसणं. युरोपबद्दल हे पटतं. मराठवाड्यात लावून बघा, काय दिसतं? देव सार्वजनिक व्यवहारातून हटलेला नाही, चौकाचौकात आहे. श्रद्धा कमी झाली म्हणावं, तर आषाढीला पंढरीची वाट बघा. तिसरा अर्थ लागू पडतो, पण अर्धाच. पर्याय आपल्यासमोर आहेत, शेजारीच राहतात, सणाला ताट पाठवतात. पण ते निवडायचे नसतात. धर्म जन्मासोबत येतो, जातीसोबत येतो, भावकीसोबत येतो. म्हणून कोणी निवड केली की घर हादरतं. युरोपातला ख्रिस्ती माणूस उदासीनतेपुढे उभा असतो. आपल्याकडचा संशयापुढे उभा असतो: "हा मदत करतोय खरा, पण याच्या मनात काय आहे?"

हा संशय नुसता खोडसाळ आहे असं म्हणून सुटका होत नाही. त्याच्यात एक खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो कान्टच्या भाषेत मांडता येतो. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कान्ट सांगतो. भुकेल्याला भाकरी दिली आणि मनात त्याचं नाव आपल्या वहीत चढवण्याचा हिशेब असला, तर भाकरी साधन झाली, आणि तिच्यासोबत तो माणूसही साधन झाला. उत्साही उपदेशकांचं उत्तर इथं अडकतं.

पण थांबा. शहाण्यासुरत्यांचं उत्तरही या परीक्षेत पास होत नाही. आम्हाला एखादी गोष्ट जीवनमरणाची वाटते, आणि शेजाऱ्यापुढे ती आम्ही कायम झाकून ठेवतो, तेव्हा आम्ही काय गृहीत धरतो? की या माणसाला मतभेद पेलणार नाही. तो चिडेल, किंवा फशी पडेल. त्याला विचार करून हो किंवा नाही म्हणता येतं, हेच आम्ही नाकारतो. मोठ्या माणसाला लेकरासारखं वागवणं हाही अनादरच, बरं का.

मग निकष काय? तो मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात आहे असं आम्हाला वाटतं. एक श्रीमंत माणूस येशूकडे धावत येतो. मत्तय त्याला तरुण म्हणतो, म्हणून "श्रीमंत तरुण" हेच नाव रूढ झालं. सार्वकालिक जीवन कसं मिळेल, असं तो विचारतो. मार्क मुद्दाम नोंदवतो की येशूनं त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आणि मग त्याला सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली: असेल नसेल ते विक, गोरगरिबांना दे, आणि ये. तरुण खिन्न होऊन निघून गेला. इथं बारकाईनं बघा. येशू अट सैल करत नाही. त्याच्या मागे पळत जात नाही. शापही देत नाही. प्रीती आहे, स्पष्ट बोलणं आहे, आणि निघून जाण्याची पूर्ण मोकळीक आहे. करुणा आणि ठामपणा यांची तडजोड इथं झालेली नाही. दोन्ही पुरेपूर आहेत. त्यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट तिसरीच आहे: समोरच्याला नाही म्हणता येणं.

तेव्हा आमचा निकष असा: नकार आल्यानंतर तुम्ही कसे वागता? "नाही" ऐकल्यावर मदत आटली, तर ती मदत आमिष होती. "नाही" ऐकल्यावर बोलणंचालणं बंद झालं, तर ते प्रेम नव्हतं. आणि "नाही" ऐकायला लागू नये म्हणून कोणी कधी बोललाच नाही, तर तो ठामपणा नव्हता. या निकषावर आता आपल्या मराठी मुलखातली तीन माणसं तपासू. तिघंही थोर आहेत. थोर माणसांना हार घालून मोकळं होता येतं, पण तपासण्यानं त्यांचा मान जास्त राहतो.

पहिल्या पंडिता रमाबाई. जन्म 1858, बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात. त्यांच्या ठामपणाचा पहिला तडाखा बसला तो खुद्द चर्चलाच. तिथल्या धर्मभगिनी आणि धर्माधिकारी त्यांनी काय मानावं हे ठरवू लागले, तेव्हा एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसरं मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचं त्यांनी कळवलं. विवेकाचं स्वातंत्र्य त्यांनी आधी स्वतःसाठी मागितलं, तेही आपल्याच लोकांकडे. ज्याला स्वतःच्या मंडळीत नाही म्हणता येत नाही, त्याच्या बाहेरच्या ठामपणावर आमचा फारसा विश्वास बसत नाही.

मग 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. उच्चवर्णीय विधवांना तिथं निवारा आणि शिक्षण मिळे. पैसा अमेरिकेतून येत होता, आणि सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवून. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

आता समीक्षा करताना दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. रमाबाईंचं म्हणणं होतं, माझ्या खोलीत मी माझ्या देवाची प्रार्थना करते, ती चोरून का करू? हे बरोबर आहे. टीकाकारांचं म्हणणं होतं, या मुली निराधार आहेत. ज्या बाईच्या छपराखाली त्या राहतात तिच्या प्रार्थनेला बसणं ही त्यांची मोकळी निवड कशी मानायची? हेही खोटं नाही. ज्याच्या हातात अन्नछत्र असतं, त्याच्या नुसत्या कुजबुजीलाही वजन येतं. आजही दवाखाना, वसतिगृह, अनाथालय चालवणाऱ्यांनी ही टीका भिंतीवर लिहून ठेवावी.

पण एक गोष्ट टीकाकार विसरले. दार उघडं असलं तरी त्या मुलींना बाहेर जायला जागा नव्हती, हे खरं. ती जागा कोणी बंद केली होती? रमाबाईंनी नाही. केशवपन करून, कोपऱ्यात बसवून, अपशकुनी ठरवून ज्या समाजानं त्यांना निवारा नाकारला होता, त्यानं. दुसऱ्याच्या करुणेवर पहारा ठेवायचा असेल, तर आपल्या घरचं दारही उघडायला लागतं. धोंडो केशव कर्व्यांना हे समजलं. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी असलेल्या गोदूबाईंशी त्यांनी 1893 सालीच लग्न केलं आणि पुढे हिंगण्याला स्वतः आश्रम काढला. टीकेचं सगळ्यात प्रामाणिक रूप म्हणजे तेच काम स्वतः करून दाखवणं.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं संदिग्धता राहिली नाही, ते उघडपणे ख्रिस्ती घर होतं. एका अर्थानं हे जास्त प्रामाणिक. पण आमच्या निकषानं अडचण वाढली, कमी झाली नाही; कारण दुष्काळातल्या पोरीला नाही म्हणायची ताकद कुठली? रमाबाईंनी तिला वाचवलं, हे आधी म्हणायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं. आणि प्रश्न तरीही राहतो, हे त्यानंतर म्हणायचं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा ठामपणा शंभर नंबरी. पण त्याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यानं एक दिवस धर्म बदलला, आणि त्या मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधारानं जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण बाई हसवत हसवत सांगतात. हसू ओसरलं की लक्षात येतं, एका माणसाच्या सत्यनिष्ठेखाली दुसऱ्याचा संसार मोडून पडला होता. इथं करुणा ठामपणाच्या बरीच मागून आली.

पण ती आली. लक्ष्मीबाई परत नांदायला आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळंओवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं घेऊन आल्या, आणि नगरच्या ख्रिस्ती वस्तीत तसं राहणं त्यांना शक्य झालं. टिळकांनी वाट बघितली. जातिभेद ही माणसानं केलेली गोष्ट आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी उमगलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला सगळ्यात मोलाचा "हो" हाच आहे असं आम्ही म्हणतो, कारण तो पाच वर्षांच्या "नाही"नंतर आला, आणि त्या "नाही"ला शेवटी घरात जागा मिळाली.

टिळकांचं दुसरं पाऊल आणखी धाडसाचं. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसवणारा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. मिशनचा पगार हातात असताना साक्ष दिली की लोक म्हणत, पगाराचं बोलतोय. पगार सोडल्यावर ती शंका घ्यायला जागा उरली नाही. दोन वर्षांत, 1919 साली, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण सत्तेची, पैशाची आणि परदेशी आधाराची काठी टाकून बोलायचं, हे त्यांनी दाखवून दिलं.

तिसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हे आपल्या काळातले, 2024 च्या जुलैत गेले. वसईत त्यांनी 'सुवार्ता' मासिक दोन दशकांहून जास्त चालवलं, हरित वसईच्या चळवळीत बिल्डर आणि गुंडांसमोर उभे राहिले, 'सुबोध बायबल' लिहिलं आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2020 च्या जानेवारीत त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरलं, आणि अध्यक्ष होते दिब्रिटो. 1982 पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग, म्हणजे हे संमेलन आपल्या जुन्या जिल्ह्याच्या गावी झालं. धर्मगुरू अध्यक्ष कसा चालतो, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही येऊ नका असं कळवण्यात आलं. महानोर आले. दिब्रिटोही आले, पाठीचं दुखणं घेऊन आले.

आता त्या व्यासपीठावर त्यांच्यासमोर दोन सोप्या वाटा होत्या. एक, ख्रिस्ती समाजावरच्या अन्यायाचं गाऱ्हाणं मांडणं. दुसरी, "सगळे धर्म एकच सांगतात" असं गोडगोड बोलून टाळ्या घेणं. त्यांचा रोख वेगळाच निघाला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मारहाण होत असताना लेखकांनी गप्प बसू नये, हे त्यांनी सांगितलं. आपल्यासाठी न बोलता दुसऱ्यासाठी बोलले. अल्पसंख्य माणसाचा ठामपणा नुसता स्वसंरक्षणात खर्च झाला की तो आक्रसतो. दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरला की तो करुणेच्या जागी येऊन बसतो. त्यांच्या लेखनाबद्दल आमची एक तक्रार मात्र आहे. बायबल आणि संत यांच्यातली साम्यं ते फार प्रेमानं दाखवतात, भेदाच्या जागी मात्र त्यांची लेखणी घाईत असते. क्रूस आणि विठोबाची वीट शेजारी ठेवायला आमची हरकत नाही. पण दोघांत जे जुळत नाही तेही शांतपणे सांगता यायला पाहिजे. भेद मान्य करूनही शेजार टिकतो, हे दाखवणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993. किल्लारी औसा तालुक्यातली, वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, दगडमातीची घरं निजलेल्या माणसांवर आली, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर देशातून, परदेशातून मदत आली. सरकारची आली, लष्कराची आली, देवळांची, गुरुद्वारांची, चर्चशी जोडलेल्या संस्थांची आली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ढिगारा उपसताना कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, हे आपण अभिमानानं सांगतो, आणि ते खरं आहे.

पण पहिल्या आठवड्यातली करुणा सोपी असते, मंडळी. पहिल्या आठवड्यात सगळेच चांगले असतात. परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू होते, जेव्हा कॅमेरे गेलेले असतात, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा निघत नाही, आणि म्हातारं माणूस तीच आठवण शंभराव्यांदा सांगत असतं. तेव्हा कोण थांबतं? ज्याच्या करुणेला श्रद्धेचं मूळ आहे तो थांबू शकतो. श्रद्धा झाकून नुसती सेवा करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. झाडाला पाणी घालून पाला मागायचा, पण मूळ दाखवू नको म्हणायचं, असं चालत नाही. आणि श्रद्धावंतांनीही लक्षात घ्यावं की मूळ दाखवण्यासाठी झाड उपटायचं नसतं.

शेवटी एक अवघड गोष्ट, जी सभेत सहसा कोणी काढत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. त्यामुळे अस्पृश्यतेची झळ सोसलेल्या जातीतला माणूस ख्रिस्ती झाला, की गावातली वागणूक तीच राहते आणि सवलत जाते. मग माणसं रविवारी एक आणि कागदावर एक होतात. बाहेरचे त्यांना लबाड म्हणतात. आणि चर्चमधले, ज्यांना त्या कागदाची गरज नाही, ते त्यांना विश्वासात कच्चे म्हणतात. आमच्या मते दोघांनाही हे म्हणायचा अधिकार नाही. ज्याच्या ठामपणाची किंमत पोराच्या फीमध्ये मोजली जाते, त्याला ठामपणा शिकवण्याआधी ती फी कोण भरणार ते सांगावं. इथं मंडळीची करुणा आपल्याच माणसासाठी लागते. आणि राज्याची धर्मनिरपेक्षताही इथंच तपासायला पाहिजे. विवेकाचं स्वातंत्र्य दिलं, पण ते वापरलं की दंड बसतो, तर ते स्वातंत्र्य किती खरं?

कायद्याचं एक सांगून संपवतो. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल खटकतो, कारण निवडणाऱ्याचा हक्क त्यात मागे पडतो. टीका रास्त आहे. पण श्रद्धेच्या बाजूनं बघितलं तर त्या वाक्यात एक जुनं सत्य आहे: कोणीच कोणाचं मन बदलत नाही. आपण फक्त सांगू शकतो आणि सोबत राहू शकतो. बळजबरी, फसवणूक, आमिष यांचा शोध पोलीस घेतीलच. पण आमच्या विवेकानं तो पोलिसांच्या आधी आणि पोलिसांपेक्षा कडकपणे घ्यावा.

तेव्हा इथल्या ख्रिस्ती माणसाला आमचं सांगणं एवढंच. विचारलं तर न लाजता सांगा. न विचारता मदत करा. सांगणं आणि मदत यांची गाठ मारू नका. आणि ज्यानं तुम्हाला नाही म्हटलं, त्याच्या घरी पुढच्या दुखण्याला सगळ्यात आधी जा. इतरांनाही एक विनंती. तुमचा ख्रिस्ती शेजारी आपल्या देवाबद्दल बोलला तर दचकू नका. त्याला नाही म्हणा, वाद घाला, हवं तर हसा, आणि मग चहा पाजा. तुमचं "नाही" ऐकून तो पुन्हा येतो का ते बघा. आला, तर त्याची श्रद्धा खरी आहे असं समजायला हरकत नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मतभेद असतील तर ते आधी घेऊ.